बियाणे पेढीत, बांधाचे काय?



छत्तीसगडची शेती-जैवविविधता बीजपेढीत सुरक्षित आहे, हे या सदरातील एका पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाचे २३ हजारांवर नमुने आहेत; त्यामागे धानशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांची मेहनत आहे. पण त्यावरून आजच्या शिवाराची प्रकृती कळत नाही. शेतातील जैवविविधता मोजण्यासाठी युरोपातील 'बायोबायो' प्रकल्पाने वनस्पती, मधमाश्या, कोळी, गांडुळे यांच्या जोडीला अधिवासांनाही निर्देशक मानले. आपल्याकडे बाभळीचे बांध, डबऱ्या, पडीक तुकडे नकाशावर टिपून दर ५ वर्षांनी मोजावेत. ट्रॅक्टर वळवायला मोडलेला बांध पुढच्या मोजणीत दिसेल. मात्र जोडीला कीटकांची नमुना-पाहणी हवीच. औषध फवारून निर्जीव झालेला बांध नकाशावर शाबूतच दिसतो.

– एक वाचक, चौबे कॉलनी, रायपूर