मुक्कामाची मुभा

चाकांवरच्या घरातून परदेश पाहण्याची कल्पना मराठवाड्यातल्या मध्यमवर्गाला आता परकी राहिलेली नाही. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या मुलाबाळांकडे गेलेल्या लातूर-नांदेडच्या आईवडिलांना भाड्याच्या मोटरहोमचा परिचय तिथेच होतो, आणि परतल्यावर नातेवाइकांत ‘पुढच्या वेळी कोणता देश’ ही चर्चा सुरू होते. चालकाची जागा, झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचकूप ज्यात एकाच सांगाड्यावर बसवलेले असते ते मोटरहोम, मोटारीच्या मागे जोडून ओढली जाते ती कॅरव्हॅन आणि लहान व्हॅनमध्ये बेतलेली आटोपशीर रचना म्हणजे कॅम्परव्हॅन, असा भेद परदेशात पाळतात. भारतात मात्र या सर्वांना सरसकट कॅरव्हॅन म्हटले जाते. देशाची निवड करताना लोक बहुधा डोंगर, तलाव आणि हिमनद्या यांची छायाचित्रे पाहतात. पण ही दृश्ये सहलीच्या बसमधूनही दिसतात. चाकांवरच्या घराचा खरा प्रश्न संध्याकाळी सुरू होतो: ते उभे कुठे करायचे, पाणी कुठे भरायचे, मैला कुठे रिता करायचा आणि हे सारे कोणाच्या परवानगीने. म्हणून स्वप्नातला देश निवडताना त्या देशाने मुक्कामाची कोणती मुभा दिली आहे हे आधी पाहिले पाहिजे, आणि या कसोटीची जाण मराठवाड्याला फार जुनी आहे.

लमाणांचा तांडा म्हणजे चालते गावच होते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले असून, धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांपैकी एकेका मालाची ने-आण एकेका गटाकडे असे आणि ही माणसे बायकामुलांसह आयुष्यभर तंबूतच राहत, असेही तो सांगतो. मोगलांच्या दख्खन मोहिमांत सैन्याची रसद याच तांड्यांवर अवलंबून होती. १६३० च्या सुमारास शाहजहानचा वजीर आसफखान याने दोन लमाण नायकांना सोनेरी अक्षरांचा ताम्रपट दिला, अशी परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवली आहे; गावातल्या रांजणांचे पाणी आणि छपरांचे गवत घेण्याची मुभा त्यात होती, शिवाय दिवसाला तीन खून माफ होते. या शेवटच्या कलमावरून ती मुभा कोणाच्या जिवावर दिलेली होती हे कळते, कारण रांजण गावकऱ्याचा आणि छप्परही त्याचेच होते. तरीही पाणी, चारा आणि अभय यांखेरीज फिरत्या घराचा मुक्काम शक्य नसतो हे त्या राज्यकर्त्यांनी नेमके ओळखले होते. रेल्वे आल्यावर तांड्यांचा व्यापार मोडला, ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींचे नुसते थांबणेही संशयास्पद ठरवले, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत मुक्काम करायचा तर पोलिसांकडे हजेरी द्यायची, ही स्थिती राहिली. किनवट, माहूर, मुखेड भागांतले आजचे तांडे ही त्या चालत्या गावांची स्थिरावलेली रूपे आहेत.

आता परदेशांकडे वळले तर भारतीय प्रवाशाने पहिल्या प्रवासासाठी न्यूझीलंड निवडावे, हे मत ठामपणे मांडता येते. तिथे वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, वेलिंग्टन आणि पिक्टन यांच्यामधली कुक सामुद्रधुनी फेरीबोटीवर वाहन चढवून ओलांडता येते, आणि दक्षिण बेटावर टेकापो तलाव, माउंट कुक आणि मिलफर्ड साउंड ही ठिकाणे एकाच प्रवासात गुंफता येतात. तिथल्या शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या संपल्यानंतरचे फेब्रुवारी-मार्च हे महिने त्यासाठी सोयीचे असतात. पण या देशाचे महत्त्व त्याच्या कायद्यात अधिक आहे. पैसे भरून राहायच्या तळांबाहेर, सार्वजनिक जागेवर मुक्काम करणे याला तिथे ‘फ्रीडम कॅम्पिंग’ म्हणतात. २०११ च्या कायद्याने त्याला मान्यता देऊन स्थानिक परिषदांना मर्यादा घालण्याचा अधिकार दिला, आणि पुढे तलावकाठी घाण होऊ लागल्याची स्थानिकांची तक्रार वाढल्यावर २०२३ च्या कायद्याने अशा वाहनांत शौचकूप पक्के बसवलेले असण्याची अट घातली. ‘स्वयंपूर्ण’ असा दाखला मिळवणाऱ्या वाहनाला माणशी दिवसाला किमान चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे पाणी जवळ बाळगावे लागते आणि तितक्याच दिवसांचे सांडपाणी साठवावे लागते. ओट्याचे व अंघोळीचे पाणी एका टाकीत आणि मैला दुसऱ्या टाकीत साठतो. दोन्ही रित्या करण्यासाठी गावोगावी नेमून दिलेली जागा असते, तिला डंप स्टेशन म्हणतात. चार लिटरांचा हिशेब ऐकून पुण्या-मुंबईचा प्रवासी बिचकेल. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेल्या ‘जलदूत’ रेल्वेच्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरच्या घरांना भांडी विसळलेले पाणी दुसऱ्यांदा कसे वापरायचे हे कोणी शिकवण्याची गरज नाही. चाकांवरच्या घरात राहण्याचे जे सर्वांत अवघड शिक्षण आहे, ते लातूरने फार कठोर शाळेत पूर्ण केले आहे.

आइसलंडची छायाचित्रे सर्वाधिक मोहात पाडतात. मात्र तिथे २०१५ पासून लागू असलेल्या निसर्गसंरक्षणाच्या नियमांनुसार नेमलेल्या तळाबाहेर, जागेच्या मालकाच्या परवानगीवाचून वाहनात रात्र काढता येत नाही. नॉर्वेतही गैरसमजाला बराच वाव आहे. १९५७ च्या कायद्याने तिथे कोणालाही मोकळ्या रानात, वस्तीपासून दीडशे मीटर अंतर राखून तंबू ठोकण्याचा हक्क आहे, पण हा हक्क पायी हिंडणाऱ्याचा आहे आणि मोटार रानात घालण्याची सवलत त्यातून निघत नाही. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना यलोस्टोनची वारी प्रिय असते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांतल्या तळांचे आरक्षण बरेच महिने आधी करावे लागते, अनेक तळांवर वाहनाच्या लांबीची मर्यादा असते आणि उजव्या बाजूने एवढे मोठे वाहन हाकण्याची सवय हवी.

या सगळ्यांत जर्मनीची व्यवस्था मराठवाड्याने अभ्यासावी अशी आहे. तिथल्या असंख्य लहान गावांनी मोटरहोमसाठी ‘श्टेलप्लात्स’ नावाच्या थांब्याच्या जागा केल्या आहेत. एखाद्या जुन्या तटबंदीशेजारचे मैदान, पाण्याचा नळ, नाणे टाकून मिळणारी वीज, सांडपाण्याचे गटार आणि माफक शुल्क, एवढाच त्यांचा पसारा असतो. प्रवासी रात्रभर थांबतो, सकाळी गावातल्या बेकरीतून पाव घेतो आणि किल्ला पाहून पुढे जातो. कंधार, उदगीर आणि औसा या तिन्ही गावांत किल्ला आहे, औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत, आणि रात्री निर्धास्तपणे वाहन उभे करता येईल अशी जागा मिळाली तर या गावांना मुक्कामी पाहुणा मिळेल.

स्वतःचे वाहन घेऊन लातूर-नांदेडहून थेट परदेशी निघायचे ठरवले, तर नकाशा फार आखडतो. १९५७ मध्ये लंडनहून कोलकात्याला बस आली होती आणि पुढची दोन दशके युरोपातल्या तरुणांच्या गाड्या तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या वाटेने भारतात उतरत होत्या; १९७९ मधली इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत घुसखोरी यांनी ती वाट मोडली. अटारीची सीमा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये भारुलता कांबळे यांनी ब्रिटनहून एकटीने मोटार चालवत ३२ देश ओलांडून महाडजवळचे आपले सासर गाठले, तेव्हा ईशान्येकडची, म्यानमारमधून येणारी मोरे-तामू ही वाट खुली होती. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवी पेटली आणि त्या वाटेचा भरवसा उरला नाही. राहतात ते प्रामुख्याने नेपाळ आणि भूतान. नेपाळच्या सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकातीचे दिवसागणिक शुल्क भरून भारतीय वाहन आत नेता येते, त्यामुळे सोनौलीमार्गे लुंबिनी आणि पोखरा हा मराठवाड्यातल्या कुटुंबासाठी सर्वांत वास्तव असा परदेश आहे. भूतानमध्ये फुन्त्शोलिंगच्या पुढे वाहनासाठी वेगळी परवानगी लागते आणि भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. याहून दूरच्या अनेक देशांसाठी ‘कार्ने’ हे कागदपत्र लागते. वाहन त्या देशात विकले जाणार नाही, ते परत जाईल, अशी हमी देणारी ही जकातीची वही असून प्रत्येक देशासाठी तिचे एक पान भरले जाते, आणि मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र लातूरच्या किंवा नांदेडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातच मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: भारतात हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे वाहन चालवता येते, युरोपात मोटारीच्या साध्या परवान्याची मर्यादा ३,५०० किलो आहे, म्हणून तिथे भाड्याने घेताना वाहनाचे वजन आधी विचारावे.

भारतात बस किंवा व्हॅन विकत घेऊन गॅरेजमध्ये तिचे घर करून टाकता येते ही समजूतही चुकीची आहे, कारण उत्पादकाच्या नोंदीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधने घातली आहेत आणि मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. त्याचे दोन भाग आहेत, एक वाहनांचा आणि दुसरा कॅरव्हॅन पार्कचा, म्हणजे पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि उभे राहण्याची जागा असलेल्या तळाचा. धोरण स्तुत्य आहे, पण वाहन कोणताही उद्योजक आणू शकतो आणि तळ गावाच्या सहकार्याशिवाय उभा राहत नाही, म्हणून त्याचे यश दुसऱ्या भागावर अवलंबून आहे. दुरून आलेल्या वाहनांना सामावून घेण्याचा सर्वांत मोठा अनुभव या भागात नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबजवळ आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण जिथे झाले, त्या या स्थानी पंजाब-हरियाणाचे जथे रेल्वेने, बसने आणि ट्रकने येतात, आणि यात्री निवास व लंगर यांच्या बळावर हजारो माणसांची राहण्या-जेवणाची सोय जातपात न विचारता होते. न्यूझीलंडच्या परिषदांना नियमांनी आणि दंडांनी जे साधावे लागते, त्यातले बरेचसे इथे सेवेच्या परंपरेने साधले आहे.

या चर्चेतून ऊसतोड कामगाराला वगळणे अन्यायाचे ठरेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास कंधार, लोहा, मुखेड, जळकोट भागांतली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ‘गाडी सेंटर’वरच्या जोडप्याची बैलगाडी हेच पाच-सहा महिने वाहन असते, कोठार असते आणि प्रवासात घरही असते. लातूर जिल्हा स्वतः साखर कारखान्यांचा असल्याने अशी कुटुंबे इथल्या कारखान्यांवरही बाहेरून येतात. कारखान्याशेजारच्या मोकळ्या जागेवर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि अनेक ठिकाणी बाईला अंधार पडेपर्यंत शौचाला थांबावे लागते. मोटरहोमच्या प्रवाशासाठी जगभर ज्या तीन गोष्टी मागितल्या जातात, पाणी, वीज आणि मैल्याची विल्हेवाट, नेमक्या त्याच या कुटुंबांना हव्या आहेत, आणि त्यांचा मुक्काम मौजेचा नसून राज्याची साखर त्यावर उभी आहे. कॅरव्हॅन पार्कसाठी जमीन आणि सवलती देणाऱ्या शासनाने तळाची व्याख्या पर्यटकापुरती ठेवू नये, हा आग्रह धरायलाच हवा.

त्यासाठी योग्य जागाही समोर आहे. लोहा तालुक्यातले माळेगाव नांदेड-लातूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस, वेळ अमावास्येच्या सुमारास तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि जनावरे यांचा मोठा बाजार होतो, आणि राज्याबाहेरूनही आलेल्या भटक्या जमाती पालं ठोकून राहतात, सोयरिकी जुळवतात, तंटे मिटवतात. वर्षातले हे मोजके दिवस फिरत्या घराला मुक्कामाची विनाशर्त मुभा देणारे असतात. जिल्हा परिषद यात्रेसाठी पाण्याची, दिव्यांची व्यवस्था करते, पण यात्रा उठली की ती व्यवस्थाही उठते. त्याच मैदानाच्या एका कडेला पक्की स्वच्छतागृहे, नळांची रांग, मैला रिता करण्यासाठी टाकी असलेली जागा आणि विजेचे खांब कायमचे बसवले, तर मार्गशीर्षात त्यांचा पहिला हक्क पालांतल्या माणसांचा राहील, ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांना जाता-येता तिथे उतरता येईल, आणि उरलेल्या दिवसांत हजूर साहिबला निघालेली वाहने व कंधारचा किल्ला पाहायला आलेली कॅरव्हॅन तिथे रात्रभर माफक शुल्कात थांबू शकेल, ज्या शुल्कातून नळ आणि स्वच्छतागृहे वर्षभर चालू ठेवण्याचा खर्च काही अंशी निघेल.