मोतीबिंदूच्या हिशेबात न बसणारे अंधत्व

म्हातारपणी दिसेनासे झाले की मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हटला की शिबिर, हे समीकरण इतके रुळले आहे की त्याबाहेरच्या अंधत्वाकडे ना सरकारचे लक्ष जाते, ना कार्यकर्त्यांचे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने लक्षावधी शस्त्रक्रिया घडवून आणल्या, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोतीबिंदू सावकाश वाढतो. एखाद्या सकाळी अकस्मात गेलेली दृष्टी ही वेगळीच गोष्ट असते.

तिच्यामागे पक्षाघात असू शकतो. मेंदूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा तुटला की दोन्ही डोळ्यांसमोरचे एकाच बाजूचे अर्धे जग नाहीसे होते. डोळे शाबूत असतात; तक्त्यावरची बारीक अक्षरेही कित्येकदा वाचता येतात. हातपाय लुळे पडलेले नसल्याने घरचे लोक ‘चष्म्याचा नंबर वाढला’ म्हणून स्वस्थ बसतात, आणि रस्ता ओलांडताना त्या बाजूने येणारी एस.टी. म्हाताऱ्याला दिसत नाही. दुसरा प्रकार याहून फसवा. मानेतील रोहिणीतून सुटलेली गुठळी एका डोळ्यापुढे काही मिनिटे पडदा ओढते आणि विरून जाते. पुन्हा दिसू लागले, म्हणजे प्रकरण मिटले असे वाटते; वस्तुतः तो येऊ घातलेल्या झटक्याचा इशारा असतो. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन हवा. ते यंत्र जिथे आहे तिथे पोचण्यातच खेड्यातल्या वृद्धाचा दिवस मोडतो.

मुळाशी बहुधा न मोजलेला रक्तदाब किंवा मधुमेह असतो. सरकारदरबारी मात्र डोळ्यांचा कार्यक्रम एक आणि पक्षाघाताचा, २०१० साली निघालेला, दुसरा. २०१८ची आयुष्मान भारत विमा योजना २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना लागू झाली, हे चांगलेच झाले. पण ती पैसे देते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीला तिच्यात जागा नाही. आरोग्य केंद्रातली गोळी संपली की मजूर ती दुकानातून आणतो आणि पुरवून पुरवून, दिवसाआड घेतो. स्वस्त प्रतिबंध टाळून महाग उपचार विकत घेण्याच्या या व्यवहारात लाभ कोणाचा, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

नेत्रशिबिरात अक्षरांच्या तक्त्याशेजारी रक्तदाबाचे यंत्र ठेवायला फारसा खर्च येत नाही. प्रत्येक वृद्धाला ‘दृष्टी हळूहळू गेली की एकदम?’ एवढे विचारावे. उत्तर ‘एकदम’ असेल, तर त्याला चष्म्याच्या रांगेत न बसवता मिळेल त्या गाडीने जिल्हा रुग्णालयात न्यावे; आणि तिथले स्कॅनचे यंत्र बंद आढळले, तर पुढचा मोर्चा तिथे काढावा.