जाळे शिकवायला जाळे कशाला हवे?

एका शाळेचा संगणक-कक्ष पाहण्याचा योग मध्यंतरी आला. खोली स्वच्छ होती, दहा-बारा संगणक ओळीने मांडलेले होते आणि त्यांच्यावर कापडी झाकणे होती. शिक्षक उत्साही होते, पण जरा ओशाळून म्हणाले, "सर, इंटरनेटची जोडणी बंद पडली आहे. त्यामुळे संगणक-जाळ्यांचा पाठ फळ्यावरच घेतला." फळ्यावर आकृत्या अजून होत्या : एक तारा, एक वर्तुळ, एक सरळ दांडा. शेजारी लॅन, मॅन, वॅन यांची विस्तृत रूपे. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली होती. परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी गुणही मिळतील. परंतु एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलतो म्हणजे नेमके काय करतो, हे त्या वर्गातील एकानेही पाहिलेले नव्हते.

माझे म्हणणे असे, की हा पाठ त्या दिवशी, त्याच खोलीत, बाहेरची एकही तार न लागता प्रत्यक्ष करून दाखवता आला असता. एवढेच नव्हे, तर जोडणी चालू असती तरी सुरुवात तिथूनच करायला हवी होती. जाळ्याचा धडा दोन संगणकांपासून नव्हे, तर एकाच संगणकातील दोन प्रोग्रॅमांपासून सुरू व्हावा.

का, ते पाहू. संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात. चालू असलेल्या प्रोग्रॅमला 'प्रोसेस' म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला स्मृतीतील स्वतःची जागा मिळते आणि एकीला दुसरीच्या जागेत डोकावता येत नाही. ही भिंत मुद्दाम बांधलेली असते. ती नसती, तर एका प्रोग्रॅमच्या चुकीने शेजारचाही कोसळला असता. पण भिंत आली की निरोपाचा प्रश्न आलाच. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलायचे कसे? हा प्रश्न संगणक एकमेकांना जोडण्याआधीचा आहे. दूरच्या संगणकाशी बोलणे हा त्याचाच पुढचा भाग होय.

या प्रश्नाचे सर्वात सुबक उत्तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडले. केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तिथे युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. त्याच्याही आधी, १९६४ साली, त्यांचे सहकारी डग मॅकइलरॉय यांनी एका टिपणात लिहून ठेवले होते, की बागेतल्या नळीला जशी आणखी एक नळी जोडता येते तसे प्रोग्रॅमही एकाला एक जोडता यायला हवेत. ही कल्पना ते पुढे वर्षानुवर्षे सहकाऱ्यांच्या गळी उतरवत राहिले. अखेर १९७३ साली टॉमसन यांनी ती एका रात्रीत युनिक्समध्ये बसवली, असे मॅकइलरॉय यांनीच सांगितले आहे. नऊ वर्षांची चिकाटी आणि एका रात्रीचे काम! या सोयीला 'पाइप' म्हणतात.

पाइपची रचना समजायला हौदाचे उदाहरण पुरते. एकजण हौदात पाणी ओततो, दुसरा उपसतो. हौद भरला की ओतणाऱ्याने थांबायचे, रिकामा झाला की उपसणाऱ्याने वाट पाहायची. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याची गरज नाही. युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, असा छोटासा हौद दोन प्रोसेसच्या मध्ये ठेवतो. आजच्या लिनक्समध्ये त्यात सर्वसाधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. एका वहीतला मजकूर मावेल, फार तर दोन वह्यांतला. पण त्यातून कितीही मोठी माहिती वाहून जाऊ शकते, कारण हौद भरताच कर्नेल ओतणाऱ्याला झोपवतो आणि जागा होताच उठवतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याची काळजी करावी लागत नाही.

याचा उपयोग काय? शाळेच्या ग्रंथालयातून वर्षभरात दिलेल्या पुस्तकांची नावे एका फाइलमध्ये आहेत, दर ओळीत एक नाव, असे समजा. सर्वात जास्त वाचले गेलेले पुस्तक कोणते? पहिला प्रोग्रॅम नावे अकारविल्हे लावतो, दुसरा लागोपाठ आलेली सारखी नावे मोजून एकच ठेवतो, तिसरा त्या आकड्यांच्या क्रमाने यादी लावतो. मध्ये दोन उभ्या रेघा मारल्या की तिघेही जोडले जातात आणि उत्तर यादीच्या तळाशी येते. या तिघांपैकी कोणालाही ग्रंथालय म्हणजे काय ते माहीत नाही.

आता प्रयोग. लिनक्सवर दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. 'एमकेफिफो' (अक्षरे : एम, के, एफ, आय, एफ, ओ) ही आज्ञा देऊन 'हौद' नावाची वस्तू तयार करा. नाव देवनागरीत दिले तरी चालते. हा नाव असलेला पाइप झाला. साधा पाइप फक्त एकाच मूळ प्रोसेसपासून जन्मलेल्या भावंडांना वापरता येतो. हा मात्र ज्याला नाव ठाऊक आहे आणि परवानगी आहे अशा कोणालाही. पहिल्या खिडकीत 'कॅट' या प्रोग्रॅमला या हौदात लिहायला सांगा. काहीच होणार नाही. तो अडून बसेल, कारण पलीकडे वाचणारा अजून आलेला नाही. दुसऱ्या खिडकीत 'कॅट'ला त्याच हौदातून वाचायला सांगा. आता पहिल्या खिडकीत ओळ लिहून एंटर दाबली, की ती दुसरीकडे उमटते. मुले इथे हमखास हसतात. मग वाचणारा प्रोग्रॅम बंद करा आणि इकडून आणखी एक ओळ पाठवा. लिहिणारा तत्काळ संपतो. पलीकडे कोणी उरले नाही, ही बातमी कर्नेल त्याला त्याच क्षणी देतो. हा क्षण लक्षात ठेवा, त्याचे पुढे काम आहे.

पुढची पायरी सॉकेटची. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने युनिक्सची जी आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत सॉकेट ही सोय होती. त्याच वर्षी १ जानेवारीला अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे टीसीपी-आयपी या संकेतांवर गेले होते. बर्कलीच्या मंडळींनी केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी शेजाऱ्याशी बोलायला एक तऱ्हा आणि परगावी बोलायला दुसरी असा भेद ठेवला नाही. सॉकेट उघडताना पत्ता कसला, एवढे सांगायचे. एकदा संबंध जुळला की वाचणे आणि लिहिणे फाइलसारखेच किंवा पाइपसारखेच. आज विंडोजमध्येही जी व्यवस्था आहे ती याच नमुन्यावर बेतलेली आहे, आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तर लिनक्सचाच गाभा आहे.

मौज अशी, की पत्त्यांमध्ये १२७.०.०.१ हा एक पत्ता 'मी स्वतः' या अर्थाने राखून ठेवलेला आहे (टंकताना इंग्रजी अंक वापरावेत). 'नेटकॅट' नावाच्या चिमुकल्या प्रोग्रॅमला एका खिडकीत एखाद्या पोर्टवर, म्हणजे जणू खोली-क्रमांकावर, कान देऊन बसवा, आणि दुसऱ्या खिडकीतून याच पत्त्याला हाक मारा. खराखुरा टीसीपी संबंध जुळतो. भिंतीतून एकही तार गेलेली नसताना!

यावर एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे, मग काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायचे हे जुने खूळ कशाला? प्रश्न अगदीच गैर नाही. टंकलेखनात एक अक्षर चुकले तरी आज्ञा अडते, आणि चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाची दमछाक होते, हे मी पाहिले आहे. परंतु फोनवर निरोप पाठवणारा मुलगा जाळे शिकत नाही, वापरतो. घड्याळ बघता येणे आणि घड्याळ उघडून पाहणे यांत फरक आहे. खर्चाची सबब तर टिकतच नाही. लिनक्स विनामूल्य आहे, जुन्या यंत्रावरही चालते, आणि केरळने आपल्या सरकारी शाळांत ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले आहे. जोडणी चोवीस तास हवीच, हा समजही अलीकडचाच. आपल्याकडे १९८६ साली अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा आरंभ झाला तेव्हा युनिक्स यंत्रे टेलिफोन लावून एकमेकांना टपाल पोहोचवीत आणि फोन ठेवून देत.

मात्र एक गोष्ट शिक्षकांनी लपवू नये. स्वतःच्याच पत्त्यावर केलेला प्रयोग थोडा फसवा असतो. तिथे उशीर नाही, मधल्या वाटेवर काही हरवत नाही. म्हणून शेवटचा तास दोन संगणकांसाठी ठेवावा. एक केबल घेऊन दोन्ही यंत्रे जोडावीत, त्यांना १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.१.२ असे पत्ते द्यावेत, आणि तोच नेटकॅटचा खेळ पुन्हा करावा. बदलतो तो फक्त पत्ता. मग बोलणे चालू असताना केबल उपसून काढावी आणि एक ओळ पाठवावी.

पाइपमध्ये वाचणारा गेला तेव्हा लिहिणाऱ्याला लगेच कळले होते. इथे दोन्हीकडचे प्रोग्रॅम शांत बसून राहतात. पलीकडचा आहे की गेला, की नुसता उशीर होतो आहे, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण दोघांवर नजर ठेवणारा एकच कर्नेल आता नाही. केबल थोड्याच वेळात परत लावली, तर मघाची ओळ बहुधा आपोआप पोहोचते : टीसीपी ती मधूनमधून पुन्हा पाठवून पाहत होता. किती वेळ पाहतो, आणि कधी नाद सोडतो, हे घड्याळ लावून मोजायला वर्गातल्या दोघांना बसवावे.