मुका मार

या सदरात शब्दांच्याच गोष्टी असतात, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी काही खुसखुशीत लिहा, असे संपादकांनी कळवले. पण गेल्या पावसाळ्यापासून एकच शब्द माझ्या मानगुटीवर बसला आहे आणि तो मुळीच खुसखुशीत नाही. ‘मुका मार’ हा तो शब्द.

काय नेमका शब्द आहे पाहा! जखम नाही, रक्त नाही, वरून कातडी काही बोलत नाही. पण आत लागलेले असते. वर्गात मी तो अनेकदा समजावून सांगितला असेल. मला स्वतःला तो कळला एका रुग्णालयाच्या अपघात विभागात, रात्री साडेनऊ वाजता.

माझा पुतण्या मोटारसायकलवरून घसरला होता. डोक्यावर हेल्मेट होते. कोपर खरचटले आणि हँडल डाव्या बरगड्यांखाली पोटात बसले, एवढेच. उलट, “काका, गाडीला किती लागलंय?” असे तोच मला विचारत होता. वहिनींनी देवाला हात जोडले आणि घरी नेण्याची भाषा सुरू केली.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई चाकांवरचे छोटेसे यंत्र ढकलीत खाटेशी आल्या. सोनोग्राफी म्हटले की आमच्या घरात बाळंतपणच आठवते, वहिनी चपापल्याच. बाईंनी हात न थांबवता समजावले. कानाला ऐकू न येणारा ध्वनी पोटात सोडायचा. यकृत, मूत्रपिंड यांच्यावरून त्याचा प्रतिध्वनी येतो आणि त्याचे करडे चित्र उमटते. साचलेल्या पातळ रक्तातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून तेथे काळे दिसते. पाहायच्या जागा चार: हृदयाभोवती, उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधल्या फटीत, डावीकडे पानथरीजवळ आणि खाली मूत्राशयामागे. उताण्या माणसाच्या पोटातले रक्त पाण्यासारखेच सखल जागा शोधीत जाते. सारे काम तीन-चार मिनिटांचे. १९६५ पासून कितीतरी वर्षे यासाठी बेंबीखाली छेद घेऊन नळी घालीत, सलाइन आत सोडीत आणि ते लाल होऊन परत येते का ते पाहत!

चारही जागा पाहून बाई म्हणाल्या, “आत्ता तरी काही दिसत नाही.”

वहिनींनी ऐकले, ‘काही नाही.’ त्या चपला शोधू लागल्या. वीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या मीही तेच ऐकले, हे कबूल करायला हवे.

“तसं नाही, काका,” बाई म्हणाल्या. “रक्त थोडं असलं तर यात दिसत नाही. दोनशे मिलिलिटरपर्यंत सहसा नाहीच, कधी त्याच्या दुप्पट साचलं तरी नाही. पाठीच्या बाजूला झिरपलं तर कळणं फारच कठीण. मी अर्ध्या तासानं पुन्हा बघणार आहे. आज घरी न्यायचं नाही.”

“भाऊजी, बिल वाढवायचे धंदे हे सगळे!” वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या. खोटे कशाला सांगू, मीही मान डोलावली.

दहा वाजता पोराला तहान लागली. मग कपाळावर गार घाम आला. नाडी शंभरावरून एकशेतीसवर गेली. यंत्र पुन्हा आले. या वेळी डावीकडे पानथरीभोवती आणि उजवीकडच्या त्या फटीतही काळे होते. काजळाचे बोट ओढावे तसे. मलासुद्धा दिसले. रक्तदाब घसरत होता, म्हणून सी. टी. स्कॅनच्या वाटेला न जाता त्याला थेट शस्त्रक्रियेला नेले. कोणता अवयव फाटला ते हे यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. आत रक्त आहे, एवढेच सांगते. त्या घटकेला तेवढे पुरेसे होते.

पानथरी फाटली होती. ती काढावी लागली.

पोरगा आता बरा आहे. पानथरीवाचून माणूस जगतो. काही लसी टोचून घ्याव्या लागतात आणि साध्या तापाकडेही काणाडोळा करून चालत नाही, इतकेच. वहिनींनी परवा डॉक्टरीणबाईंना चकल्यांचा डबा पाठवला, तो पोचवायला मलाच जावे लागले. त्या रात्रीच्या ‘धंदे’ या शब्दाबद्दल मात्र आम्ही दीर-भावजय अजून एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही.