कुंपण कुणासाठी?

१ जानेवारी २०२३ हा नववर्षाचा पहिला दिवस होता, आणि वारही रविवार होता. मिस्सा आटोपून, एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देऊन आपण सारे घरी परतलो होतो. त्याच दुपारी बार्शी तालुक्यात पांगरीनजीकच्या एका फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि पोटासाठी मजुरी करणाऱ्या स्त्रिया त्यात बळी गेल्या. चार दिवस वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परवान्याची चर्चा झाली, मदतीच्या रकमा जाहीर झाल्या आणि मग सारे शांत झाले. परंतु काही प्रश्न आमच्या मनातून गेले नाहीत. अशा ठिकाणी दारू कोठे आणि किती साठवावी? माणसे बसतात तेथून ती किती अंतरावर असावी? बाहेर पडण्यास दुसरी वाट असावी की नाही? हे प्रश्न नशिबाचे नव्हेत. ते जागेच्या आखणीचे आहेत, आणि आखणी माणूस करतो.

स्फोटक पदार्थ निदान आवाज तरी करतात. आज आम्हांला लिहायचे आहे ते आवाज न करणाऱ्या संकटाविषयी, म्हणजे घातक कचऱ्याविषयी. रंगांचा गाळ, वापरून टाकलेली रसायने, जळके तेल, कीटकनाशकांचे अवशेष अशी त्याची अनेक रूपे आहेत. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रे आहेत. उद्योग वाढतील तशी नव्या जागांची गरज भासेल, आणि तेव्हा नकाशावर बोट फिरवणाऱ्यांना बार्शीसारखे कोरडवाहू तालुके 'मोकळी जमीन' म्हणून दिसतील. म्हणून वेळ आहे तोवरच विचारले पाहिजे, की अशा जागेची सुरक्षा म्हणजे नेमके काय?

रूढ उत्तर ठरलेले आहे. उंच भिंत, तिच्यावर काटेरी तार, फाटकावर पहारेकरी आणि आता जागोजागी कॅमेरे. आमचा आक्षेप भिंतीला नाही, तिच्यामागील दृष्टीला आहे. भिंत उभारणारा बाहेरच्या माणसाला चोर समजतो, आणि आतल्या मालाचे रक्षण म्हणजेच सुरक्षा असे मानतो. वस्तुतः येथे सारे उलटे आहे. माणसापासून मालाला भय नाही, मालापासून माणसाला आहे.

ब्राझीलमधील गोयानिया शहराची कथा या दृष्टीने वाचावी. तेथील एका उपचारकेंद्राने जागा बदलली आणि कर्करोगावरील किरणोपचाराचे जुने यंत्र रिकाम्या इमारतीतच सोडले. सप्टेंबर १९८७ मध्ये भंगार वेचणाऱ्या दोघांनी ते उचलून नेले. आतील सीझिअमची पूड अंधारात निळी चमकत होती. भोळ्या माणसांनी ती कौतुकाने हाताळली, आप्तांना वाटली. चार जीव गेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. आपल्या देशातही २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील जुने कोबाल्टचे उपकरण लिलावात निघून मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले आणि एक कामगार प्राणास मुकला. या दोन्ही ठिकाणी दरोडा पडला नव्हता. मालकाने पाठ फिरवली होती, एवढेच. जगण्यासाठी भंगार वेचणाऱ्याला दोष देऊन ज्यांनी त्या वस्तूंकडे दुर्लक्ष केले ते मोकळे होऊ शकत नाहीत.

बार्शीच्या भूमीचाही विचार हवा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर खोल पायाविना उभारलेली भिंत काही वर्षांत तडकते. खालच्या कातळातील फटींतून पाणी कोठल्या कोठे जाते, हे विहीर खणणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. म्हणून कचरा पुरण्याच्या खड्ड्यास चिकणमातीचे व जाड प्लॅस्टिकचे दुहेरी अस्तर हवे, झिरपणारे पाणी गोळा करणाऱ्या नळ्या हव्यात आणि सभोवार तपासणीच्या विहिरी हव्यात. आम्ल आणि सायनाइड एकत्र आले तर प्राणघातक वायू निघतो, म्हणून त्यांची कोठारे वेगळी हवीत. आग विझवण्याचे पाणी कोठून येणार, आणि विझवल्यानंतर तेच विषारी पाणी कोठे जाणार, हेही आधीच ठरलेले हवे. टंचाईच्या तालुक्यात हे प्रश्न गौण मानता येत नाहीत.

यात सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती असे कोणी विचारील, तर आम्ही फाटकावरील नोंदवही दाखवू. कोणती गाडी आली, कोठून आली, वजनकाट्यावर किती भरली, नमुन्याच्या तपासणीत काय आढळले आणि माल कोणत्या कोठारात गेला, हे सारे तीत असले पाहिजे. नोंद चुकली की माल हरवतो, आणि हरवलेले विष कोणाच्या तरी अंगणात सापडते. नोंदीचे मोल बार्शीला आम्ही काय सांगावे? भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली येथेच सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांतून तिचे कार्यकर्ते फिरले, गावकऱ्यांशी बोलले आणि रुग्णांची नोंद करू लागले. ज्या भूमीने रोग्यांची नोंद इतक्या जिव्हाळ्याने ठेवली, तिला रोगाच्या संभाव्य कारणांची नोंद मागण्याचा अधिकार नाही काय?

यावर एक आक्षेप येतो, की सुरक्षेची योजना जाहीर केली तर समाजकंटकांचे फावेल. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे गुप्त असावे, परंतु भोंगा वाजल्यावर कोणत्या दिशेस पळावे हे गुप्त ठेवण्यात कोणाचे हित? भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना व शेजारच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी सरावही सांगितला. कायदा आहे, पण तो इंग्रजी फायलीत झोपलेला असतो. तो मराठीत ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप आमच्यातूनच येतो. 'असले केंद्र आमच्याकडे नकोच' असे म्हणून आपण हात झटकतो. हीसुद्धा एक भिंतच आहे. आपल्या घरातील रंग, औषधे, बॅटऱ्या ज्या कारखान्यांतून येतात त्यांचा कचरा कोठेतरी जाणारच. योग्य केंद्र नसेल तर तो रात्रीच्या अंधारात ओढ्यात जातो, आणि त्या ओढ्याकाठी राहणारा नेहमी गरीबच असतो. म्हणून आमची मागणी 'नको' अशी नसून 'नीट हवे, आणि आमच्यासमक्ष हवे' अशी आहे.

शेवटचा मुद्दा काळाचा. कचऱ्याचा खड्डा भरून बंद झाल्यावर ३० वर्षे त्याची देखरेख करावी, असे केंद्रीय मार्गदर्शक निकष सांगतात. तीस वर्षांत मालक बदलतात, कंपन्या बुडतात, अधिकारी निवृत्त होतात. मग तेव्हा भिंतीची डागडुजी कोण करील? पहारेकऱ्याला पगार कोण देईल? तो पैसा पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवलेला नसेल, तर ती योजना केवळ कागद आहे.

वाचकहो, अशा प्रकल्पाची जनसुनावणी होते, तीस दिवस आधी सूचना निघते, स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवला जातो. तो वाचायला आपल्यापैकी किती जण जातात? उद्या अशी सूचना निघाली, तर धर्मग्रामातील चार कुटुंबांनी शेजारच्या हिंदू व मुसलमान बांधवांसह तेथे जावे आणि नम्रपणे, परंतु उत्तर मिळेपर्यंत विचारावे: हे कुंपण कुणासाठी? पांगरीच्या त्या भगिनींच्या वतीने हा प्रश्न विचारणे आपल्याकडे लागते.