जोड-पापण्या आणि लग्नघाई

सांगली-साताऱ्याकडील लग्नघरांत वधूच्या शृंगारांत अलीकडे जोड-पापण्यांची भर पडली आहे. सौंदर्यगृहांत यांस 'आयलॅश एक्स्टेन्शन' म्हणतात. वडीलधाऱ्या बायकांस हीं थेरें वाटतात. पण ज्या सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेथें रंगभूषेचें एवढें वावडें कशास? प्रश्न शोभेचा नाहीं, डोळ्याचा आहे.

नाटकांतील पट्टीच्या पापण्या रात्रीं उतरून ठेवितां येतात; या तशा नव्हेत. आपल्या पापणीच्या एकेका केसास एकेक कृत्रिम केस चिकटवितात व तो कांहीं आठवडे तेथेंच राहतो. वरच्या पापणीस सुमारें ९० ते १५० केस असतात. तेव्हां हें काम घाईचें नव्हे. गोंद असतो सायनोॲक्रिलेट जातीचा, म्हणजे फुटकी कपबशी सांधावयास आपण जो आणतों त्याच्याच कुळांतला. तो हवेंतील ओलाव्यानें आळतो. साताऱ्याच्या आषाढ-श्रावणांत हां हां म्हणतां वाळून केस वाकडा बसतो. सांगलीच्या वैशाखांतील कोरड्या दुपारीं तोच रेंगाळतो आणि शेजारच्या केसास जाऊन मिळतो. कसबी बाई हवा पाहून गोंद निवडते.

दोन केस असे एकमेकांस चिकटणें ही दिसावयास क्षुल्लक, पण परिणामीं वाईट चूक. प्रत्येक केस आपापल्या गतीनें वाढतो व गळतो. जोडले गेले कीं एक दुसऱ्यास ओढतो, मुळांस ताण बसतो, आणि वरचेवर असें झाल्यास पापणी विरळ होते. काम संपतांच प्रत्येक केस सुटा आहे कीं नाहीं हें चिमट्यानें पाहावयास सांगावें. पैसे मोजतांना संकोच कसला? गोंद कातडीसही लागतां कामा नये. मुळाशीं अर्धा ते एक मिलिमीटर जागा मोकळी हवी. त्या वेळीं डोळे पूर्ण मिटलेले असावेत, नाहीं तर वाफ आंत जाऊन झोंबतें. आदल्या दिवशींचें काजळही राहूं देऊं नये. घरच्या काजळांत एरंडेल किंवा तूप असतें, व तेलकट केसास गोंद धरीत नाहीं.

परंतु माझ्या मतें मोठी चूक सौंदर्यगृहांत होत नाहीं, घरांत होते. आत्याबाई नांवें ठेवतील म्हणून मुलगी बेत लपविते आणि सीमांतपूजनाच्या सकाळीं चोरून जाऊन येते. मग चाचणी व्हावी कशी? वास्तविक मुहूर्ताच्या दोन-तीन आठवडे आधीं दोन-चार केस लावून निदान दोन दिवस वाट पाहावी. गोंद मानवत नसेल तर पापणी सुजते, खाज सुटते. कोणास हा त्रास पहिल्याच वेळीं होतो, कोणास चार वेळां सोसल्यावर. म्हणून 'मागें कांहीं झालें नव्हतें' हा पुरावा धरूं नये. ऐन लाजाहोमाला मुलगी सुजल्या डोळ्यांनीं बसण्यापेक्षां आत्याबाईंनीं महिनाभर आधीं दोन शब्द बोलून घेतलेले बरे. होमाचा धूर लागून पाणी आलें तर पदरानें चोळूं नये, टिपावें; अग्नीवर फार वांकूंही नये, कारण हे केस प्लॅस्टिकच्या जातीचे असून आंचेनें आखडतात.

त्रास झालाच तर केस ओढून काढूं नयेत. सोबत मूळचेही येतात. डोळा लाल झाला, दुखूं लागला किंवा अंधुक दिसूं लागलें तर त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावें. सांगलीकरांस तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्या दिवशीं पाणी टाळावयास सांगतात, तें ठीक; पण पुढेंही भीतीनें पापण्या न धुतल्यास मुळाशीं मळ सांचून कडा सुजतात. रोज हलक्या हातानें धुवाव्या. ज्यांस रांजणवाडी वरचेवर होते, त्यांनीं हा नाद न धरणेंच उत्तम.