म्युलर, मायर आणि रक्तशुद्धीचा भ्रम

जर्मनीत सर्वांत अधिक आढळणारे आडनाव म्युलर हे होय. म्युलर म्हणजे चक्कीवर धान्य दळून देणारा. त्याच्या मागोमाग श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर येतात. अर्थात लोहार, शिंपी, मासेमार, विणकर. राजेरजवाड्यांचा इतिहास बाजूस ठेवून केवळ एवढी यादी वाचली, तरी मध्ययुगीन जर्मन गावगाडा डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या काळी अनेक ठिकाणी जमीनदाराने नेमून दिलेल्या चक्कीवरच धान्य दळून घेण्याची सक्ती शेतकऱ्यावर असे. चक्की ही सोय होती, तशीच ती वसुलीचे साधनही होती. मायर हे आडनाव तर ‘अधिक मोठा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले. मायर हा जमीनदाराच्या शेतीवाडीचा कारभारी. शुल्त्स हा देणी वसूल करणारा गावचा अधिकारी, आपल्या पाटलाची आठवण करून देणारा.

आडनाव ही मुळात वाढत्या शहरांची गरज. बाराव्या शतकापासून दक्षिण व पश्चिम जर्मनीत एकाच वस्तीत अनेक ‘योहान’ नांदू लागले, तेव्हा कर, मालमत्ता व वारसा यांच्या नोंदीसाठी दुसरे नाव आवश्यक ठरले. उत्तरेकडील फ्रीझलंडात बापाचे नावच मुलापुढे लावण्याची चाल टिकून होती. तेथे स्थिर आडनावाची सक्ती झाली ती नेपोलियनच्या १८११ सालच्या हुकमाने.

गावांची नावेही अशीच बोलकी आहेत. ‘रोडे’ किंवा ‘रॉयट’ हा शेवट दिसला की तेथे जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणली गेली असे बहुधा समजावे. कोलोन हे नाव रोमनांच्या वसाहतीचे, तर कोब्लेन्त्स हे ऱ्हाइन व मोझेल या नद्यांच्या संगमाचे. दोन्ही मुळे लॅटिन. एल्ब नदीच्या आसपास आणि पूर्वेस गेले की स्लाव्ह भाषा कानी पडू लागतात. लाइपझिगच्या नावात स्लाव्हांचा ‘लिपा’, म्हणजे लिंडन वृक्ष, दडलेला आहे. बर्लिनच्या मानचिन्हावर अस्वल असले, तरी त्या नावाचे मूळ दलदल या अर्थाच्या स्लाव्ह शब्दात आहे. म्हणजे जर्मनीच्या राजधानीचे नावच मुळी जर्मन नव्हे!

या नावांतून शुद्ध जर्मन रक्ताचा माग काढू पाहणाऱ्यांची म्हणूनच कीव करावीशी वाटते. तथापि त्यांच्या हाती सत्ता आली, तेव्हा प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नाही. ऑस्ट्रियाचा राज्यकर्ता दुसरा योसेफ याने १७८७ साली आपल्या राज्यातील ज्यूंना जर्मन आडनावे घेण्याची सक्ती केली. प्रशियाने १८१२ साली नागरिकत्वासाठी स्थिर आडनावाची अट घातली. पुढे सव्वाशे वर्षांनी नावावरून ज्यू ओळखता येईना, म्हणून हिटलरच्या सरकारने ऑगस्ट १९३८ मध्ये फर्मान काढले. ज्यूंची म्हणून ठरविलेल्या यादीतील नाव ज्याचे नसेल, अशा प्रत्येक ज्यू पुरुषाने ‘इस्रायल’ व स्त्रीने ‘सारा’ हे जादा नाव लावावे, असा तो हुकूम. आडनावातून वंश कळतो या सिद्धांताचा पराभव त्या सिद्धांताच्या पुरस्कर्त्यांनीच असा सरकारी कागदावर नोंदवून ठेवला. त्याच वर्षी पूर्व प्रशियात शेकडो गावांची स्लाव्ह व लिथुएनियन वळणाची नावे पुसून त्यांस जर्मन नावे चिकटविण्यात आली. १९४५ नंतर चाक उलटे फिरले आणि पोलंडकडे गेलेल्या मुलखातून जर्मन नावे हद्दपार झाली.

श्रमाला मात्र या सीमांशी कर्तव्य नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूर खोऱ्यातील कोळशाच्या खाणींत पोलिश भाषक मजूर मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्याबरोबर कोवाल्स्की, नोवाक ही आडनावे आली. कोवाल्स्कीच्या मुळाशीही लोहारच आहे, श्मिटप्रमाणेच. नोवाक म्हणजे नवा आलेला, आणि जर्मनांचा नॉयमानही तोच.

खेम्नित्स या औद्योगिक शहराचे उदाहरण तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावे. हे नाव दगडगोट्यांच्या ओढ्यावरून पडलेले, तेही स्लाव्ह. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५३ साली त्याचे ‘कार्ल-मार्क्स-श्टाट’ केले. मार्क्सचा या शहराशी कसलाही संबंध नव्हता. १९९० साली नागरिकांनी मतदान करून जुने नाव परत घेतले. मार्क्सच्या मस्तकाचे प्रचंड शिल्प मात्र त्यांनी हलविले नाही.